तिवईचा तिसरा पाय

वर्गांत युरोपचें अर्थकारण शिकवितांना आम्ही नेहमीं तिवईचा दृष्टांत देत असूं. बाजारांत टिकण्याची ताकद हा पहिला पाय, निसर्गाचें रक्षण हा दुसरा आणि श्रमिकांचें संरक्षण हा तिसरा. यंदा एका विद्यार्थिनीनें मध्येंच विचारलें, "सर, लांकूड अपुरें पडलें तर कोणता पाय आंखूड करायचा?" वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. परंतु घरीं परततांना मनाशीं कबूल करावें लागलें कीं, आमच्या टिपणांत तिसरा पाय नेहमींच शेवटीं घाईनें उरकलेला असे.

उत्तर शोधतां शोधतां २०१८ सालची अखेर आठवली. त्या नोव्हेंबरांत फ्रान्समध्यें पिवळीं जाकिटें घातलेले लोक रस्त्यांवर उतरले. प्रदूषण घटावें म्हणून सरकार इंधनावरील कर वाढवीत होतें. पण रोज मोटारीनेंच कामावर जाणाऱ्या खेडवळ माणसानें काय करावें, याची पुरेशी तजवीज नव्हती. डिसेंबरांत सरकारास नियोजित करवाढ सोडून द्यावी लागली. त्याच महिन्याच्या २१ तारखेस जर्मनींत बोट्रॉप येथें दगडी कोळशाची शेवटची खाण मिटली. तेथें डोळे पाणावले, पण रस्ते पेटले नाहींत. निर्णय २००७ सालींच झाला होता. मधल्या अकरा वर्षांत कोणास दुसरें काम, कोणास पन्नाशीनंतर मुदतपूर्व निवृत्ति मिळाली. आम्हींही पन्नाशी ओलांडली आहे; या वयांत नवा धंदा शिका म्हणून सांगणें किती सोपें आणि शिकणें किती कठीण, हें आम्ही जाणतों.

अर्थात् या कथेस दुसरी बाजूही आहे. ती खाण हवेच्या शुद्धीसाठीं नव्हे, परदेशी कोळसा स्वस्त म्हणून बंद पडली. आणि हें औदार्य सरकारी तिजोरीस फार महाग पडलें. तिजोरी भरावयाची तर कारखाने चालले पाहिजेत. २०५० पर्यंत कर्बवायूंची निव्वळ भर शून्यावर आणण्याचें युरोपीय संघानें २०२१ सालीं कायद्यानेंच बांधून घेतलें. पुढें २०२४ सालीं मारिओ द्रागी यांनीं आपल्या अहवालांत बजावलें कीं, युरोपला मागें पडावयाचें नसेल तर वर्षाकाठीं ७५० ते ८०० अब्ज युरो अधिक गुंतवावे लागतील. म्हणजे लांकूड खरोखरच अपुरें आहे.

उद्यां त्या मुलीस आम्ही सांगणार आहों : बाई, तिन्ही पाय सारखेच आंखूड कर. तिवई ठेंगणी होईल, पण कलंडणार नाहीं. आणि मोजमाप मात्र तिसऱ्या पायापासून सुरू कर. कारण आजवर आम्हीं तोच शेवटीं मोजला.