न वाजवलेला गंधार

शिकायला आलेला मुलगा पहिल्याच दिवशी अ‍ॅम्पचं गेन शेवटपर्यंत फिरवतो आणि सहाही तारांवर मेजर कॉर्ड छेडतो. आवाज सगळा गढूळ. गिटारच बिघडली, असं त्याला वाटतं. मी त्याला त्यातला गंधार काढायला सांगतो. उरतात षड्ज आणि पंचम. अ‍ॅम्प तोच, गेन तेवढंच; पण आता खिडकीची तावदानं थरथरतात. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. हेवी मेटलमधल्या बहुतेक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वरावली, याच कॉर्डवर उभ्या असतात.

गेन वाढवल्यावर येणारं डिस्टॉर्शन ध्वनिलहरींची शिखरं छाटतं. त्या वेळी एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर निर्माण होतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, वजाबाकी १. म्हणजे कोणी न छेडलेला, एक सप्तक खालचा षड्ज आपोआप मिळतो. गंधाराचं तसं नाही. गिटारच्या पडद्यांवर तो नैसर्गिक जागेपेक्षा सुमारे १४ सेंट (अर्धस्वराच्या १४ टक्के) चढा असतो. तो मिसळला की नव्याने निर्माण झालेले स्वर एकमेकांवर आदळतात. आपल्या तानपुऱ्यालाही सहसा गंधाराची तार नसते, आणि तरी खर्जातून गंधार ऐकू येतोच.

हेवी मेटलची सुरुवातही एका उणिवेतून झाली. बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातल्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापली. तो डावखुरा, म्हणजे स्वर दाबणारा हात तोच. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, बारीक तारा चढवल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममधल्या काही गाण्यांत तर तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. त्याआधी, १९७०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक सबाथ’ या गाण्याची रिफ त्याने तीनच स्वरांत बांधली होती: षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. तीव्र मध्यमावर ती रेंगाळते, घरी परतायची वाट बघायला लावते.

रिफ मोजक्या स्वरांतच उभी राहते हे कळावं, म्हणून मी शिकणाऱ्याला आधी गिटार बाजूला ठेवायला लावतो. तबल्याच्या बोलांसारखी रिफ तोंडाने म्हणायची: ढण्, ढगढग, ढण्. मग तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून तेच बोल वाजवायचे. या पाम म्यूटमुळे प्रत्येक आघात आखूड होतो आणि दोन आघातांमधली जागा मोकळी होते. मग दर आवर्तनात एक स्वर कमी करत जायचं. जो काढला की रिफ कोसळते, तो परत ठेवायचा आणि तिथेच थांबायचं.

त्या मुलाने परवा स्वतः रचलेली रिफ ऐकवली. चार स्वर, आणि तिसऱ्या मात्रेवर पूर्ण शांतता. दुसऱ्या आवर्तनात नेमकी त्या रिकाम्या मात्रेवर माझी मान झुकली.