पुणें ते नागपूर : अंतर आणि वेळ

“नागपूर किती दूर?” असें पूर्वीं कोणी विचारलें, तर उत्तर मैलांत मिळे, हल्लीं तें तासांत मिळतें. “सव्वा तास,” असें पुण्यांतील कोणताहि तरुण सांगेल. या उत्तरांत तथ्य किती, हें आम्ही येथें पाहणार आहों. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. वडीलधारीं माणसें महालांत किंवा धंतोलींत, आणि मुलगे-सुना नोकरीनिमित्त पुण्यास, अशीं कुटुंबें आतां पुष्कळ आहेत. संकटसमयीं हिशेब चुकला तर त्याचें शल्य जन्मभर राहतें.

प्रथम भूमीचा हिशेब. लोहगांवच्या विमानतळापासून नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापर्यंत सरळ रेषेंत सुमारें ६०५ किलोमीटर भरतात. मोटाररस्त्यानें हेंच अंतर सातशेंच्या वर जातें. आणि आगगाडी दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा असा वळसा घेत असल्यामुळें तिला जवळजवळ नऊशें किलोमीटर तोडावे लागतात. विमानाचा लाभ वेगाइतकाच सरळ मार्गाचाहि आहे.

आतां काळाचा हिशेब. जेट विमान उंच गेल्यावर ताशीं सुमारें ८०० किलोमीटर चालतें. त्रैराशिक मांडल्यास उत्तर पाऊण तास येतें. मग तिकिटावर सव्वा ते दीड तास कां? कारण विमान जागेवरून हालल्यापासून दुसऱ्या ठिकाणीं थांबेपर्यंतचा सर्व वेळ त्यांत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरकत जाणें, आपली पाळी येईतों थांबणें, हळूहळू चढणें व तितक्याच सावधपणें उतरणें, हें सारें त्यांत येतें. शिवाय लोहगांवचा तळ वायुदलाचा. तेथें नागरी विमानांस धावपट्टी लष्करी विमानांबरोबर वांटून घ्यावी लागते. हा वरखर्च प्रवास लांबचा असो कीं जवळचा, फारसा बदलत नाहीं. म्हणून प्रवास जितका आंखूड, तितका त्याचा भार अधिक.

वाऱ्याचाहि यांत वांटा असतो. हिवाळ्यांत इतक्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो; त्यामुळें नागपुरास जातांना साहाय्य होतें व परततांना विरोध. पावसाळ्यांत वरचा वारा उलटतो, आणि हा न्यायहि उलटतो.

नागपूरचें मध्यवर्ती स्थान हवाई वाहतुकीस पूर्वींपासूनच अनुकूल ठरलें आहे. १९४९ सालीं रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हां मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें रात्रीं नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. पत्रास मात्र रांगेंत उभें राहावें लागत नसे.

माणसास तें चुकत नाहीं. सामान देण्याची खिडकी बहुधा तासभर आधीं बंद होते. म्हणून घर तीन तास आधीं सोडावें. उतरल्यावर सामान व रस्ता यांस आणखी एक तास. आम्ही हा प्रवास अनेकदां केला. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत पांच तासांहून कमी वेळ कधींच लागला नाहीं. रात्रभराच्या आगगाडीपुढें हें थोडेंच. परंतु विमानें मोजकीं. दुपारीं बातमी आली असतां संध्याकाळची गाडी आणि दुसऱ्या दिवसाचें विमान यांपैकीं आधीं कोण पोंचवील, हें कागदावर मांडूनच ठरवावें.

आणि घरीं कळवितांना “सव्वा तासांत येतों” असें म्हणूं नये. “पांच-साडेपांच तासांत पोंचतों” असें सांगावें. वृद्ध माणसें शब्दावर विसंबून दाराकडे डोळे लावून बसलेलीं असतात.