देखणेपणाचा आरोप

पूर्व आशियाई सिनेमाच्या चाहत्याला एक टोमणा कायम ऐकावा लागतो : दिसायला देखणं, पण आत आहे काय? वाँग कार-वायच्या रंगांबद्दल, कुरोसावाच्या पावसाबद्दल, पार्क चान-वूकच्या हाणामारीबद्दल कुणी भरभरून बोलू लागलं, की समोरचा हमखास म्हणतो, ते सगळं ठीक आहे, गोष्ट काय ते सांग. गोष्ट म्हणजे खरा ऐवज आणि शैली म्हणजे त्यावरचं वेष्टन, हे त्याने धरूनच चाललेलं असतं. मला ते मुळातच पटत नाही. ते का पटत नाही, हे सांगण्यासाठी टोकियो-हाँगकाँग गाठण्याआधी तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्करुगावूरच्या पंचक्रोशीत डोकावणं सोयीचं आहे.

कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवरचं तिरुक्करुगावूर प्रसिद्ध आहे ते गर्भरक्षांबिकेच्या देवळासाठी. पण त्याच पापनाशम तालुक्यात मेलट्टूर आहे, आणि तिथे दर वर्षी नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवत मेळा होतो. तंजावरवर मराठ्यांचा अंमल असताना वेंकटराम शास्त्रींनी रचलेली तेलुगू नृत्यनाट्यं तिथे पुरुषच सादर करतात, स्त्रीभूमिकांसकट. ‘प्रह्लादचरित्रम्’ची कथा समोर बसलेल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. खांबातून कोण बाहेर येणार, याचं कुतूहल कुणालाच नसतं. तरी माणसं रात्र रात्र बसतात ती पात्राचा प्रवेश कसा होतो, प्रह्लादाच्या आईचं दुःख एक पुरुष किती मोजक्या हालचालींत उभं करतो, उपास करून नरसिंहाचा मुखवटा चढवलेला नट कसा पालटतो, हे पाहायला. बालगंधर्वांच्या ‘सौभद्रा’ला गर्दी करणाऱ्या मराठी माणसालाही सुभद्रेचं लग्न कुणाशी लागणार हे माहीत होतंच. गोष्ट आधीच ठाऊक असली की पाहण्यासारखं जे उरतं, ते सगळं ‘कसं’ या शब्दात असतं. आणि त्या ‘कसं’साठी जागरण करणाऱ्या प्रेक्षकाला कुणी उथळ म्हणत नाही.

हाँगकाँग आणि जपानचा सिनेमा अशाच रंगभूमीच्या मांडीवर वाढला. जॅकी चॅन आणि सामो हुंग यांचं बालपण यू जिम-युएन या गुरूंच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत कोलांट्याउड्या शिकण्यात गेलं. म्हणून त्यांच्या मारामारीत कॅमेरा थोडा मागे उभा राहतो आणि अख्खा देह चौकटीत ठेवतो : अंग कसलेलं असेल, तर ते लपवायचं कशाला? किंग हूच्या ‘अ टच ऑफ झेन’मधली (१९७१) बांबूच्या बनातली लढाईही त्याच परंपरेतल्या माणसाने बसवलेली आहे. कुरोसावाने मॅकबेथवरून ‘थ्रोन ऑफ ब्लड’ (१९५७) केला, तेव्हा नायिका इसुझु यामादाचा चेहरा जपानी ‘नो’ नाट्यातल्या मुखवट्यासारखा निश्चल ठेवला. पहारेकऱ्यांसाठी औषध घातलेली दारू आणायला ती आतल्या खोलीच्या काळोखात शिरते, दिसेनाशी होते, आणि हातात भांडं घेऊन त्याच काळोखातून परत येते. तेवढा वेळ ऐकू येते ती तिच्या रेशमी वस्त्राची सळसळ. खुनाचा कट तिने आधी शब्दांत मांडलेला असतोच. पण तिच्या मनात काय शिजलं आहे, याची भीती त्या सळसळीने बसते.

शैलीचा हा नाद वयाबरोबर रूप पालटत जातो, हाही शैलीच्या बाजूचा एक पुरावा. साधारणपणे पंधराव्या-सोळाव्या वर्षी लागतो तो ब्रूस लीचा, म्हणजे देहाचा. पंचविशी-तिशीत रंग आणि विरह कळू लागले की वाँग कार-वाय भेटतो. त्याच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’ची (२०००) गोष्ट दोन वाक्यांत संपते : १९६२च्या हाँगकाँगमध्ये दोन शेजाऱ्यांच्या लक्षात येतं की आपल्या जोडीदारांचं एकमेकांशी सूत जुळलं आहे, आणि आपण त्यांच्यासारखं वागायचं नाही, असं ते दोघं ठरवतात. मग दीड तास दिसतं काय? मॅगी चेउंग डबा घेऊन नूडल्स आणायला जिना उतरते. शिगेरू उमेबायाशीची तीच धून पुन्हा वाजते, चाल तशीच संथ केलेली असते, जिना तोच, भिंत तीच, बदललेला असतो फक्त अंगावरचा चिओंगसाम. दिवस गेले हे आपल्याला कपड्यांवरून कळतं, आणि काहीच घडलं नाही हे जिन्यावरून. बेइमान जोडीदारांचे चेहरे दिग्दर्शक एकदाही दाखवत नाही. ही शैली खरवडून काढली तर खाली ‘खरी गोष्ट’ सापडेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती सांगून पाहावी. हाती दोन शेजारी उरतील, बाकी काही नाही.

पन्नाशीकडे झुकताना बहुतेकांना जपानी दिग्दर्शक ओझू उमगतो. ‘लेट स्प्रिंग’मध्ये (१९४९) लग्न ठरलेली मुलगी विधुर वडिलांबरोबर क्योटोला शेवटच्या सहलीला आलेली असते. रात्री वडिलांना झोप लागते. अंथरुणावर पडलेल्या सेत्सुको हाराच्या चेहऱ्यावर हसू असतं. मग पडद्यावर येते खोलीतली फुलदाणी, मागे खिडकीवर पडलेल्या सावल्या. पुन्हा चेहरा दिसतो तेव्हा डोळे भरून आलेले असतात. आणि पुन्हा फुलदाणी. हसू आणि पाणी यांच्यामधला प्रवास ओझूने दाखवलाच नाही, तो प्रेक्षकावर सोपवला. त्या जागी सनई-व्हायोलिन आणि हुंदका घातला असता, तर मुलीला काय वाटलं ते आपल्याला समजलं असतं. आता ते आपल्याला स्वतःहून वाटतं. यात तर नजरेत भरणारं काहीच नाही. शैलीला भपका लागतोच असं नाही, काय दाखवायचं नाही हे ठरवणं हीसुद्धा शैलीच, हे शहाणपण चाहत्याला इथवर आल्यावर येतं.

यावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की देखणेपणामुळे हिंसाही हवीहवीशी वाटू लागते. काही सिनेमांच्या बाबतीत हे खरंच आहे. पण पार्क चान-वूकच्या ‘ओल्डबॉय’मधली (२००३) बोळातली मारामारी पाहा. कॅमेरा बाजूने सरकत राहतो, मध्ये काट नाही, आणि त्यामुळेच हातोडी घेतलेला नायक धापा टाकतो, कोलमडतो, पुन्हा उठतो हे सलग पाहावं लागतं. काट असती तर त्याचा थकवा झाकला गेला असता. दुसरा आक्षेप असा, की जपान, कोरिया, हाँगकाँग, तैवान यांना एका टोपलीत कोंबणं हाच अडाणीपणा आहे. हे मान्यच करायला हवं. ओझूची स्थिरता आणि वाँग कार-वायची ओढाळ धूसरता यांच्यात साम्यापेक्षा फरकच जास्त. पण हा फरकही आपल्याला ध्यानात येतो तो शैलीवरूनच, कथासारांवरून नव्हे.

शैली हाच ऐवज असतो, याची कसोटी उसनवारीत लागते. ‘ओल्डबॉय’च्या वळणावर हिंदीत ‘जिंदा’ (२००६) आला. कथानक बरंचसं आलं, पण मूळ सिनेमाचा मार काही आला नाही. याउलट वीणावादक म्हणून नावाजलेले एस. बालचंदर यांनी ‘राशोमोन’ पाहून तमिळमध्ये ‘अंद नाळ’ (१९५४) केला, तेव्हा कुरोसावाचं जंगल आणि दरोडेखोर बाजूला ठेवून नजर तेवढी घेतली : खून एक, सांगणारे अनेक. गाणी आणि नाच पूर्णपणे वगळण्याचं धाडस त्यांनी शिवाजी गणेशन नायक असताना केलं. खून झालेल्या रेडिओ इंजिनियरची कथा त्यांनी लावली ऑक्टोबर १९४३मध्ये जपानने मद्रासवर टाकलेल्या बॉम्बच्या रात्रीशी, म्हणजे जपानी दिग्दर्शकाकडून घेतलेली दृष्टी त्यांनी जपानी हल्ल्यातल्या मद्रासवर रोखली. प्रभावाचं याहून प्रामाणिक उदाहरण शोधून सापडायचं नाही.

म्हणून या उत्साहाला मी फॅशन म्हणणार नाही; मात्र त्याला एक पथ्य लावीन. परक्या सिनेमाने तयार केलेली नजर घराजवळच्या गोष्टींवरही टिकली पाहिजे. वाँग कार-वायच्या जिन्यासाठी जीव टाकणाऱ्याला मेलट्टूरच्या पात्रप्रवेशाचा तासाभरात कंटाळा येत असेल, तर त्याला शैली आवडते असं म्हणवत नाही. त्याला परदेश आवडतो, एवढंच.