शिक्का

मुख्याध्यापकाच्या मेजावर घंटा असते, पत्रांची चळत असते, हजेरीपट असतात. पण येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्टी प्रथम जाते ती शाळेच्या शिक्क्याकडे. ती लहानशी लाकडी मूठ जांभळ्या शाईच्या गादीवर टेकवावी आणि कागदावर दाबावी, की साध्या कागदाचा दाखला होतो. सतरा वर्षे ती मूठ माझ्या हाती होती. त्या अवधीत किती कागदांवर मी शिक्का उमटविला, याची गणती नाही. एका कागदावर मात्र मी तो उमटविला नाही, आणि तोच कागद मला आजही आठवतो.

तो ज्याला हवा होता तो मुलगा आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीत वाढला होता. त्याचे वडील तेथे कामास होते. शाळा सुटली, की हा दप्तर खुंटीला अडकवी आणि दळणाचे डबे ओळीने मांडू लागे. चालत्या गिरणीचा आवाज ऐकून तो म्हणे, “बाबा, दगड बोथट झाला. टाकी लावायला हवी.” वडील गिरणी थांबवून पाहत, तो खरोखरच तसे असे. वर्गात मात्र त्याचे कान इतके तीक्ष्ण नव्हते. इंग्रजीत त्याला जेमतेम गुण मिळत. मराठीच्या निबंधात तर विरामचिन्हांचा पत्ताच नसे. मी तांबड्या शाईने त्याची वही रंगवून परत करीत असे, आणि तो ती मुकाट्याने घेई.

सन 2000 मध्ये आमच्या शाळेला चार संगणक मिळाले. आम्ही नारळ फोडला, यंत्रांना हार घातले आणि खोलीला कुलूप लावले. एवढी महागाची वस्तू मुलांच्या हाती बिघडेल, ही मला धास्ती. आठवड्यातून एकदा मुले पायताणे बाहेर काढून आत जात आणि देवळातल्याप्रमाणे दर्शन घेऊन परत येत.

एके दिवशी त्यांतला एक संगणक सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडू लागला. हा मुलगा दाराशी उभा होता. तो भीत भीत म्हणाला, “सर, आतला पंखा फिरत नाही. त्याचा आवाज येत नाही.” मी त्याला वर्गात पिटाळले. आठ दिवसांनी तालुक्याहून माणूस आला. त्याने पेटी उघडली, पंख्यात अडकलेला धुळीचा गोळा काढला आणि दोनशे रुपये घेऊन तो निघून गेला. त्या मुलाकडे पाहण्याचे धैर्य त्या दिवशी मला झाले नाही.

त्याच हिवाळ्यात आमची सहल सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीस गेली. एका झाडाखाली मुलांना बसवून मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांतले भेद आपल्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे तेथे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा रंग सोडून ते यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत तोच विषय शिकवू लागले. शिकविण्याचे काम संपले, की ते तेथील कर्मशाळेत जाऊन यंत्रे हाताळीत. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. 1888 साली बेळगावात बंधूंसह त्यांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर घडवू लागले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली! अखेर औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली ओसाड जमीन त्यांना दिली आणि 1910 साली तेथे कारखाना उभा राहिला. आम्ही बसलो होतो ती किर्लोस्करवाडी हीच.

गोष्ट रंगली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. गिरणीतला तो मुलगा टाळ्या वाजविण्याचे विसरून माझ्याकडे टक लावून पाहत होता. मला वाटले, त्याचे लक्ष नाही.

पाच वर्षे गेली. 2005 साली तो माझ्या कार्यालयात आला तो बारावी उत्तीर्ण होऊन. पिठाच्या धुळीने वडिलांच्या छातीचे दुखणे विकोपास गेले होते. घरी मिळवते दुसरे कोणी नव्हते. सांगलीस संगणक दुरुस्तीचे एक दुकान होते. तेथील मालकास दाखविण्यासाठी त्याला शाळेचे शिफारसपत्र हवे होते. त्याने ते स्वतःच लिहून आणले होते. मी वाचले. त्यात तीन ठिकाणी अशुद्ध लेखन होते.

मी म्हणालो, “बाळ, यंत्रविद्या म्हणजे पोरखेळ नव्हे. आधी पदवी मिळव. मग हवी तेवढी पत्रे देईन. शिक्क्यावाचून नाणे चालत नसते.”

त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला, वाकून नमस्कार केला आणि तो गेला. त्याच्यासमोर पदवीसाठी तीन वर्षे नव्हती, पुढच्या महिन्याचे धान्य होते. हे मला दिसत होते, तरी दिसले नाही.

पुढचा वृत्तान्त मला पुष्कळ दिवसांनी कळला. त्या दुकानात पहिले सहा महिने त्याने झाडलोट केली आणि गिऱ्हाइकांची यंत्रे उचलून आणली. दुकान बंद झाल्यावर मोडकी यंत्रे उघडून तो पाही. दुरुस्ती हाती आल्यावर त्याला एक नवाच ध्यास लागला. संगणकाला स्वतःची बुद्धी नसते. काय करावयाचे ते त्याला पायरीपायरीने, एकही पायरी न गाळता, त्याला कळेल अशा भाषेत लिहून द्यावे लागते. त्या लिखाणास आज्ञावली म्हणतात. रद्दीच्या दुकानातून घेतलेल्या इंग्रजी पुस्तकावरून, शेजारी शब्दकोश ठेवून, तो ती भाषा शिकू लागला. यंत्र त्याला रोज तासभरच मिळे. म्हणून तो आज्ञावली आधी वहीत पेन्सिलीने लिही आणि मग यंत्रावर चढवी. त्या भाषेत एक अर्धविराम गळाला, तरी सारे काम अडून बसते. माझ्या तांबड्या शाईने जे साधले नाही, ते त्या निर्जीव यंत्राने साधले!

2008 साली गावच्या दूधसंस्थेने त्याला पहिले काम दिले. सभासदांचे दूध सकाळ-संध्याकाळ मोजले जाई. दूध किती लिटर आणि त्यात स्निग्धांश किती, यावरून दर ठरे आणि दर दहा दिवसांनी बिल होई. सचिव हा हिशेब रात्री जागून हाताने करीत. या मुलाने त्यासाठी आज्ञावली लिहिली. बटण दाबताच दीडशे घरांची बिले छापून बाहेर पडू लागली. गाव चकित झाले.

तिसरे बिल वाटले गेले, तेव्हा एक म्हातारी काठी टेकीत संस्थेत आली. तिची एकच म्हैस. ती म्हणाली, “पूर्वी बिलात रुपयांच्या खाली पैसं असायचं. आता नुसतं रुपयंच दिसत्यात. माझं पैसं गेलं कुठं?” लोक हसले. यंत्र कधी चुकते काय!

तो हसला नाही. रात्री तो कागद-पेन्सिल घेऊन बसला. चार लिटर दूध, लिटरला 17 रुपये 85 पैसे दर. म्हणजे 71 रुपये 40 पैसे. यंत्राने लिहिले होते 71. संगणकात आकडे साठविण्यासाठी जणू निरनिराळ्या पेट्या असतात. काही पेट्यांत अपूर्णांक मावतो, काहींत केवळ पूर्णांक. त्याने घाईत पूर्णांकाची पेटी निवडली होती आणि प्रत्येक वेळचे सुटे पैसे बाहेरच राहत होते. एका वेळी 40 पैसे गळाले, तर दहा दिवसांतील वीस वेळांचे आठ रुपये होतात. आठ रुपये ही मोठी रक्कम नव्हे. पण ज्या घरी एकच म्हैस आहे, तेथे ती लहानही नव्हे.

कोणी त्याला सल्ला दिला, “पुढच्या बिलापासून सुधार म्हणजे झाले. मागचे कोण विचारतो?” हा सल्ला सोयीचा होता. त्याच्याजवळ पदवी नव्हती. होते ते नुकतेच मिळालेले नाव. चूक कबूल केली, तर तेही जाणार होते. त्याने दोन रात्री जागून तिन्ही बिले नव्याने तयार केली आणि सभासदांसमोर उभे राहून तो म्हणाला, “चूक यंत्राची नाही, माझी आहे. तुमचे पैसे संस्थेत सुरक्षित आहेत. कोणाला किती मिळायचे, त्याची ही यादी.” त्या वर्षी शेजारच्या दोन गावांच्या दूधसंस्थांनी त्याला बोलावून काम दिले.

याउपर सारे सुरळीत झाले, असे सांगितले तर ते खोटे होईल. तो पुण्यास गेला, तेव्हा दोन ठिकाणी पदवी नाही म्हणून त्याला दारातूनच परत यावे लागले. तिसऱ्या ठिकाणी त्याच्यापुढे एक बिघडलेली आज्ञावली ठेवून दोष शोधावयास सांगितले. त्याने तो दुपारपर्यंत शोधला. नोकरी मिळाली; परंतु शेजारच्या पदवीधरापेक्षा कमी पगाराची. गणित कच्चे राहिल्याने पदोपदी अडू लागले, तेव्हा रात्री खोलीवर बसून त्याने बारावीची पुस्तके पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. पदवी टळली, म्हणून अभ्यास टळला नाही. तो उलट वाढला.

2017 साली मी निवृत्त झालो. निरोपसमारंभास तो आला होता. लोक पांगल्यावर मी त्याला बाजूस घेतले आणि बारा वर्षे मनात सलत होते ते बोलून टाकले. म्हणालो, “तुला मी पत्र दिले नाही. माझी चूक झाली.”

तो संकोचला. मग हसून म्हणाला, “सर, दुकानाच्या मालकांनी पत्र मागितले होते. मी म्हणालो, पत्र नाही. आठ दिवस बिनपगारी काम करतो, पटले तर ठेवा. किर्लोस्करवाडीला झाडाखाली तुम्हीच सांगितले होते ना, की लक्ष्मणरावांचे नांगर दोन वर्षे विकलेच गेले नाहीत? माझे तर आठ दिवसांत भागले.”

मी काय बोलणार? गोष्ट मी सांगितली होती. ऐकली होती ती त्याने.

मुलांनो, पदवी टाकाऊ आहे, असे मी म्हणत नाही. मीही पदवीच्या बळावरच शिक्षक झालो. वैद्याने रोग्याला औषध द्यावे, वकिलाने न्यायालयात उभे राहावे, तर त्याला पदवी हवीच. तेथे दुसऱ्याचे प्राण आणि हक्क पणास लागलेले असतात. ज्यांना महाविद्यालयात जाता येते त्यांनी अवश्य जावे. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठीही वाटा आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून संगणकाचे काम शिकविले जाते. काम करता करता शिकण्याची सोय व्हावी म्हणून आपल्या देशात 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदाही झाला. शिक्का असलेले नाणे कोणी पारखून पाहत नाही, ते या हातातून त्या हातात सहज जाते. ज्यावर शिक्का नाही, त्याला मात्र प्रत्येक ठिकाणी दगडावर वाजून दाखवावे लागते. वाजवून पाहण्यापूर्वीच ते खोटे ठरविणे, हा माझा अपराध होता.

समारंभानंतर दोन दिवसांनी मी नव्या मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन शाळेचा कार्यभार केला. प्रथम शिक्का दिला. मग खिशातून संगणकाच्या खोलीची किल्ली काढली. ती सतरा वर्षे माझ्याच खिशात होती. बाईंनी हात पुढे केला. पण मी ती त्यांच्या हाती दिली नाही. त्यांची परवानगी घेऊन मी ती बाहेर व्हरांड्यातल्या खिळ्याला अडकविली. तो खिळा मुलांच्या हाताला पोहोचेल इतका खाली होता.