पिसांच्या टोपीतले वर्गणीदार

आपल्याकडच्या जुन्या ग्रुप फोटोत पुढे एक पाटी असते. सतरंजीवर मांडी घालून बसलेली पोरं, मागे खुर्च्यांवर उपरणं घेतलेले अध्यक्ष आणि चिटणीस, त्यांच्या मागे बाकावर चढलेले सभासद. पोरांच्या पुढ्यात पाटी: अमुक व्याख्यानमाला, तमुक पतपेढी, सन इतके. पाटी चुकून चौकटीबाहेर राहिली तरी पगडी होतीच. चक्री पगडी, पुणेरी पगडी, रुमाल, कोल्हापुरी फेटा. कोण कुठला, कुठल्या जातीचा, हे आमच्या आजीची पिढी नुसतं डोकं पाहून सांगायची. ते सांगणं दरवेळी निरागस असायचं असं नाही.

डब्लिनच्या टॅला उपनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींकडच्या फोटोत पाटी नाही. आजी मूळच्या डब्लिनच्या लिबर्टीज भागातल्या. १९७० च्या दशकात शहरातल्या जुन्या, दाटीच्या वस्त्यांतून हजारो कुटुंबं टॅलाच्या नव्या घरांत आली, त्यांतलं एक त्यांचं. सामानाबरोबर हा फोटोही आला. तीन रांगांत पुरुष. बहुतेकांच्या अंगावर रविवारचा सूट, डोक्यावर बोलर हॅट, खांद्यावरून कमरेपर्यंत तिरपा, झालर लावलेला पट्टा. मधे चार-पाच जण मात्र नाटकातून उठून आल्यासारखे: बटणांच्या रांगा असलेला लष्करी कोट, पांढरी तंग तुमान, गुडघ्यापर्यंत बूट आणि टोपीला पीस. त्यांतले एक आजींचे आजोबा. नक्की कुठले, यावर घरात एकमत नाही.

एकमत आहे ते दुसऱ्या गोष्टीवर. आजोबा १९१६ च्या ईस्टरला इंग्रजी राजवटीविरुद्ध झालेल्या उठावात होते, आणि हा त्याचा पुरावा. आयर्लंडमध्ये असा विनोद करतात की ज्यांचे आजोबा त्या ईस्टरला डब्लिनच्या मुख्य पोस्टात लढत होते त्या सगळ्यांना आत घ्यायचं तर पोस्टाची इमारत कित्येक मजली बांधावी लागली असती. मला हसू आलं ते घरच्या आठवणीने. सातारा-सांगलीकडच्या आमच्या नात्यात बेचाळीसचा विषय निघाला की प्रत्येक घरातला एक आजोबा पत्री सरकारात निघतो. त्यांचा फोटो मागितला की समोर येतो विविध कार्यकारी सोसायटीच्या संचालक मंडळाचा.

आता हा फोटो. पहिली अडचण रंगाची. या देशात बिल्ले-पट्टे घालून मिरवणाऱ्या बंधुसंघटना कमी नव्हत्या, आणि त्यांची सगळी भांडणं रंगात होती. ऑरेंज ऑर्डरवाले प्रोटेस्टंट, राजनिष्ठ, नारिंगी पट्टेवाले. हायबर्नियन्स कॅथलिक, राष्ट्रवादी, हिरव्या पट्टेवाले. पण त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश पटकन लागे, तांबडा आणि नारिंगी जवळजवळ लागतच नसे, आणि साध्या प्लेटवर हिरवाही काळपटच उतरे. ज्या दोन रंगांवरून बेलफास्टच्या रस्त्यात डोकी फुटली ते फोटोत सारखेच करडे दिसतात. त्यामुळे रंग सोडून आकृत्यांकडे वळावं लागतं. घोड्यावर बसलेला राजा विल्यम असेल तर ऑरेंज. कमरेला एप्रन आणि त्यावर गुण्या-कंपास असेल तर फ्रीमेसन. ते ओळखू येतात, कारण मुंबईत फोर्टातल्या त्यांच्या हॉलवरही तेच चिन्ह आहे. आजींच्या फोटोत भिंगाखाली दिसली ती हार्प. हार्पवर मुकुट नव्हता. मुकुटवाली हार्प म्हणजे सरकार, पोलीस. बिनमुकुटाची म्हणजे राष्ट्रवादी. एवढ्यावर आजींचा चेहरा खुलला.

पण नुसत्या हार्पवर भागत नाही, हायबर्नियन्सही ती लावत. निकाल लावला त्या तुमानवाल्यांनी. हा पोशाख मी आधी पाहिला होता, आयरिश घरांच्या भिंतींवर टांगलेल्या रॉबर्ट एमेट या बंडखोराच्या रंगीत छापील चित्रांत: हिरवा कोट, पांढरी तुमान, पिसांची टोपी. हा वेष मिरवणुकीत घालणारी संघटना म्हणजे आयरिश नॅशनल फॉरेस्टर्स.

नावावरून वाटतं तसा जंगलाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ‘एन्शंट ऑर्डर ऑफ फॉरेस्टर्स’ ही इंग्लंडमधली परस्पर साहाय्य करणारी मोठी संस्था. रॉबिन हूडच्या शेरवुडच्या आठवणीतून तिची नावं आणि विधी आलेले. १८७७ मध्ये डब्लिनच्या सभासदांनी राजकारणावरून तिच्याशी फारकत घेतली आणि आपली वेगळी चूल मांडली. शेरवुडच्या जागी एमेट आला, काम मात्र तेच राहिलं. सभासदाने ठरलेली वर्गणी भरायची, आजारी पडला की त्याला भत्ता, डॉक्टर, आणि मेला तर पुरण्याचा खर्च. डब्लिनच्या पडक्या चाळींत एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहत होतं. तिथे मरणापेक्षाही बेवारशासारखं पुरलं जाण्याची धास्ती मोठी होती.

एमेटला मात्र हे भाग्य लाभलं नाही. १८०३ च्या जुलैत त्याचा उठाव एका रात्रीत फसला. तो टॅलाच्या शेजारच्या रॅथफार्नमला भाड्याच्या घरात राहून तयारी करत होता. तिथे घर सांभाळणाऱ्या अ‍ॅन डेव्हलिनने छळ सोसला, पण तोंड उघडलं नाही. सप्टेंबरात त्याला थॉमस स्ट्रीटवर, सेंट कॅथरिन्स चर्चसमोर फाशी दिलं, म्हणजे आजींच्या लहानपणच्या अंगणातच. त्याला कुठे पुरलं हे आजवर कोणाला माहीत नाही. ज्याला थडगं नाही त्याचा वेष घालून हे लोक एकमेकांच्या थडग्यांसाठी पैसे साठवत होते. मला ही गोष्ट पोस्टातल्या गोळीबारापेक्षा मोठी वाटते, पण हे आजींना कसं सांगायचं?

बंडखोर पिसांची टोपी घालून फोटोला बसत नाहीत, हे टॅलात राहून तरी उमजायला हवं. ५ मार्च १८६७ च्या रात्री फेनियन, म्हणजे एका गुप्त ब्रदरहुडचे बंडखोर, इथेच जमले आणि पोलीस ठाण्यासमोरच्या गोळीबारात पांगले. त्यांच्या ब्रदरहुडचे त्या काळातले जे फोटो पाहायला मिळतात, त्यांतले कितीतरी माउंटजॉय तुरुंगाने काढलेले आहेत. एकेकट्याचे, समोरून.

फॉरेस्टर्सचं काम पुढे सरकारने उचललं. १९११ च्या विमा कायद्याने अशा संस्थांना मान्यता दिली आणि त्यांच्यामार्फत आजारी कामगाराला आठवड्याला दहा शिलिंग मिळू लागले. सभासद वाढले, आणि संस्था हळूहळू सरकारच्या कचेऱ्या झाल्या. स्वतंत्र आयर्लंडने १९३३ च्या कायद्याने सगळ्यांचं मिळून एकच मंडळ केलं. त्यानंतर पिसं लावण्यात फारसा अर्थ उरला नाही.

चहावर हे सगळं सांगितलं. “म्हणजे विम्याचे हप्ते भरणारा?” आजी म्हणाल्या. चेहरा पडला होता. मग उठून त्यांनी ड्रॉवरमधून आपलं क्रेडिट युनियनचं जुनं पुस्तक काढलं. क्रेडिट युनियन म्हणजे इथली पतपेढी, १९५८ पासून सुरू झालेली चळवळ. सभासद गेला की अंत्यविधीला ठरावीक रक्कम देणाऱ्या युनियन पुष्कळ आहेत, आजींचीही त्यांतलीच. “आईने पहिली गोष्ट शिकवली ती ही. पेटीचे पैसे आधी, मग पडदे.” आणि ते आईला कोणी शिकवलं, हे त्यांनीच फोटोकडे बोट करून दाखवलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळींचे गणपतीतले फोटो मी त्यांना दाखवले. आयटीतले, बँकेतले, इस्पितळातले सगळे भगव्या फेट्यात. शंभर वर्षांनी कोणीतरी भिंग लावून याला मावळ्यांची पलटण ठरवील. याच लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. इथे कोणी अचानक गेलं तर मृतदेह भारतात पाठवायचा खर्च त्यावर उभा राहतो. त्या ग्रुपचा फोटो कोणी काढलेला नाही.

राहवेना म्हणून शेवटी एक खरी गोष्टही सांगून टाकली. फॉरेस्टर्सचं सभागृह डब्लिनला ४१ रटलंड स्क्वेअरवर होतं, आजचा पार्नेल स्क्वेअर. १९१३ मध्ये, उठावाच्या तीन वर्षं आधी, फेनियनांच्या ब्रदरहुडचे तरुण त्याच हॉलमध्ये चोरून कवायत शिकत. आजींनी कप खाली ठेवला.

“मग दार कोणी उघडून दिलं असेल त्यांना?” त्या म्हणाल्या. “किल्ली सभासदांकडेच असणार ना?”