बोडीचा खिळा

नागपूर, १४ मे

चि. मुक्ता हिस,


तुझ्या जाऊबाई काल पाकीट देऊन गेल्या. बदाम, मामीची शाल आणि कागदात गुंडाळलेला तो गंजका चौकोनी खिळा. सोबत तुझी चिठ्ठी, ‘मामा, खास तुमच्यासाठी बोडीहून. ओजसनं शोधला.’ रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. ओजस कुठल्याशा जुन्या खाणीच्या तोंडातून आठ-दहा पावलं आत उभा, हातात मोबाइलचा उजेड. मामीनं तो कौतुकानं दोनदा पाहिला. मला रात्रभर झोप लागली नाही, आणि आता उजाडायच्या आत लिहायला बसलोय. फोन केला असता तर आवाज चढला असता. मनसरच्या क्वार्टरमागच्या विहिरीचा दिवस आठव. आयुष्यात मी तुला एकदाच चापट मारली, ती त्या दिवशी. आज समोर असतीस तर दुसरी बसली असती.

तू विचारलंस एवढंच, की ताई आणि भाऊजी जूनमध्ये येताहेत तर त्यांना कॅलिफोर्नियातली कुठली सोन्याची गावं दाखवू. ते सांगतो. पण आधी त्या भुयाराबद्दल.

मुक्ता, खाण ही गुहा नसते. गुहा निसर्गानं केलेली, हजारो वर्षं स्वतःच्या पायावर उभी. खाण माणसानं केलेली, आणि तीही काम संपेपर्यंत टिकावी एवढ्याच बेतानं. शंभर वर्षांचे लाकडी टेकू बाहेरून धड दिसतात, बोटानं दाबलं तर भुसा हातात येतो. पायाखाली फळ्या असतात, त्यांच्याखाली कधीकधी उभी विहीर असते, आणि फळ्यांवर इतकी माती बसलेली असते की ती जमीनच वाटते. आमच्या खाणीतला सरदार पाळीच्या सुरुवातीला काठीनं छत ठोकून ऐकायचा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला की सगळ्यांना मागे घ्यायचा. रोज, त्याच जागी, तीस वर्षं मुरलेला माणूस. ओजसला आत सोडण्याआधी तुझ्या निखिलरावांनी काय ठोकून पाहिलं होतं?

आणि हवा! ती तर दिसतही नाही. तुमच्या सॅक्रामेंटोपासून तासाभरावर जॅक्सन गाव आहे. तिथल्या अर्गोनॉट खाणीत २७ ऑगस्ट १९२२च्या रात्री आग लागली आणि ४७ माणसं खाली अडकली. शेजारच्या केनेडी खाणीतून दगड फोडत मदतवाले पोचले, तोवर तीन आठवडे उलटले होते. आतल्यांनी विषारी वायू अडवायला मिळेल त्या वस्तूंची भिंत रचली होती. एकानं काजळीनं लिहून ठेवलं होतं की तीन वाजले, वायू वाढतोय. ही सगळी मुरलेली, रोज खाली उतरणारी माणसं होती. ओजस आठ वर्षांचा आहे.

आता खिळा. तुला वाटेल, गंजक्या खिळ्याचं काय एवढं? थोडं ऐकून घे.

आम्ही खाण खणताना मधेमधे खनिजाचेच खांब सोडायचो. ते छत तोलतात. खाण संपत आली, की सगळ्यांचा डोळा त्या खांबांवर जातो, कारण मालाचा उरलेला भाग त्यांच्यातच असतो. थोडं इथून तासलं, थोडं तिथून, तर काय बिघडतं? मी नकाशे काढायचो, म्हणून मला दिसायचं. दर महिन्याला माझ्या कागदावरचे चौकोन बारीक होत गेले. एका खाणीत, नाव लिहीत नाही, मी ते दोनदा लिहून दिलं. पावसाळ्यात छत बसलं. शांताराम तुला आठवत असेल, तुला सायकलवर शाळेत सोडायचा तो. त्यानंतर तो का आला नाही, हे आम्ही तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझी एक गोष्ट पक्की झाली. जे जागेवर ठेवलेलं असतं, त्याच्यावर बाकीचं उभं असतं. बोडी हे ओस पडलेलं सोन्याचं गाव तसंच आहे. डब्ल्यू. एस. बोडी या माणसाला १८५९मध्ये तिथं सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो हिमवादळात गेला. त्याच्या नावाचं गाव त्यानं पाहिलंच नाही. १८८०च्या सुमारास तिथं काही हजार माणसं राहत होती. सोनं आटलं, माणसं निघून गेली. १९६२मध्ये राज्यानं गाव ताब्यात घेतलं आणि ठरवलं की ते नवं करायचं नाही, पण पडूही द्यायचं नाही, आहे त्या अवस्थेत धरून ठेवायचं. म्हणून दुकानातल्या फळ्यांवर अजून माल आहे आणि घरांतून सामान आहे. तो खिळा कुठल्या तुळईखाली पडला होता, त्याच्या आसपास काय होतं, हे पाहून जाणकार सांगू शकला असता की तिथं गोठा होता की सुताराचं काम चालायचं. माझ्या टेबलावर तो काहीच सांगत नाही. दर वर्षी येणाऱ्या प्रत्येकानं एकेक खिळा खिशात घातला, तर ओजसच्या मुलांना तिथं फक्त डोंगर दिसेल. तिथून काहीही उचलायला कायद्यानं बंदी आहे, आणि तिथली पाटी तू वाचली असणार. तुला पाट्या वाचायची सवय मीच लावली.

आता ताई-भाऊजींना कुठं न्यायचं ते. बोडीला मुळीच नेऊ नकोस. गाव अडीच हजार मीटरवर आहे, शेवटचे पाच किलोमीटर कच्चा रस्ता, आणि ताईला जिना चढताना दम लागतो हे ती तुला सांगणार नाही. ग्रास व्हॅलीची एम्पायर माइन दाखव. १८५०पासून १९५६पर्यंत चालली. तिची भुयारं जोडली तर ५९० किलोमीटर भरतात, म्हणजे नागपूर-हैदराबादचा रस्ताही तोकडा पडेल. आता ती पाण्यानं भरली आहेत, पण कठड्याआड उभं राहून मुख्य शाफ्ट खाली गेलेला पाहता येतो. तिथं खणायला इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधले खाणकरी आले होते. त्यांचेच भाऊबंद आपल्या कोलारला होते. तरुणपणी मी कोलारला उतरलोय. दगड हाताला गरम लागायचा, आणि खोल कुठेतरी खडक फुटला की वर वस्तीतली भांडी वाजायची. २००१मध्ये ती खाण बंद झाली. सायनाइडनं सोनं काढून उरलेल्या मातीच्या करड्या टेकड्या गावाला अजून वेढून आहेत.

ओजसला नदीत सोनं धुवायचं असेल तर कोलोमाला ने. २४ जानेवारी १८४८ला जेम्स मार्शलला तिथल्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. पण हेही त्याला सांग, की तेव्हा कॅलिफोर्नियात सुमारे १,५०,००० मूळनिवासी होते आणि १८७०पर्यंत सुमारे ३०,००० उरले. रोग, भूक आणि उघड कत्तली. शिवाय एक लक्षात ठेव. त्या काळी सोनं पकडायला पारा वापरत, आणि तो अजून सिएराच्या ओढ्यांच्या गाळात आहे. थाळीत चंदेरी थेंब दिसला तर हात लावू देऊ नकोस.

वेळ असेल तर मॅलाकॉफ डिगिन्सला जा. तिथं पाण्याच्या तोफांनी डोंगरच्या डोंगर फोडले. तो गाळ यूबा नदीनं खाली आणला, शेतं बुडाली, नदीचं पात्र चढलं. शेतकरी कोर्टात गेले आणि ७ जानेवारी १८८४ला न्यायाधीश लोरेंझो सॉयर यांनी नदीत गाळ सोडायला बंदी घातली. तो गाळ तुमच्या सॅक्रामेंटोवरून समुद्राकडे गेलाय, मुक्ता. सोनं कुणी नेलं हे ठाऊक नसलं तरी चालेल, माती कुणाच्या दारात आली हे मुलाला दाखव.

खिळा मी ताईच्या बॅगेत देतोय. तो बोडीच्या उद्यान कचेरीला टपालानं पाठव. लोक अशा उचललेल्या वस्तू माफीच्या चिठ्ठीसह परत पाठवत असतात. चिठ्ठी ओजसला लिहू दे, स्वतःच्या अक्षरात. आणि खाणीच्या तोंडाशी जाळी नसली, पाटी नसली, तरी आत पाऊल टाकणार नाही असं दोघांनी मला लिहून कळवा. फोनवर नको, लिहून.

निखिलरावांना नमस्कार, ओजसला पापा.

तुझा,
मामा

ता. क. ओजसला रागावू नकोस. खिळा त्यानं शोधला, खिशात मोठ्यांनी घालू दिला.