दाखल्यावर सही कुणाची?

दिवाळीच्या सुट्टीत कुणी ना कुणी बारावीतल्या मुलाला घेऊन घरी येतं. ‘याला बिल्डर व्हायचंय. आर्किटेक्चरला घालू का?’ मी त्याच वाटेनं आलो, म्हणून प्रश्न माझ्याकडे. मी म्हणतो, जरूर घाला; पण त्या पाच वर्षांत काय शिकवत नाहीत, तेही ऐका.

माझा पहिला प्लॉट चौकोनी, रस्ताही रुंद. मी मनातल्या मनात इमारत उभी करून मोकळा झालो होतो. वकिलांनी सातबारा पुढे सरकवला आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवलं. लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणींची नावं तिथं होती. विकायला निघालेल्या भावानं त्यांना विचारलंच नव्हतं. कॉलेजात रात्र रात्र जागून शीट काढल्या, पण सातबारा कधी वाचला नव्हता. फेरफार, सर्च रिपोर्ट, टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, बँकेचं व्याज हे सगळं पदवीनंतर शिकलो, पदरचे पैसे मोजून.

मग पदवीचा उपयोग काय? नकाशा हातात आला की माझी नजर आधी बोळावर जाते. ४ फूट बाय १२ फूट म्हणजे ४८ चौरस फूट. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे घरातला बोळही कारपेट क्षेत्रफळात धरला जातो. चौरस फुटाला ७,००० रुपये भाव धरला, तर नुसतं चालत जायच्या जागेचे ३ लाख ३६ हजार. दारं फिरवून, दोन बाथरूम एका डक्टला पाठीला पाठ लावून तो बोळ निम्मा करता येतो. हे पेन्सिलीचं काम आहे, आणि ते कॉलेजनंच शिकवलं.

अमेरिकेत जॉन पोर्टमन माझ्यासारखाच आर्किटेक्ट होता आणि डेव्हलपरही. अटलांटातलं त्याचं हयात रीजन्सी हॉटेल १९६७ मध्ये उघडलं आणि गाजलं. तरी एकाच माणसाच्या या दोन टोप्या व्यवसायबंधूंना खटकल्या. पैसा ज्याचा, त्यानंच कामाची साक्ष कशी द्यायची, ही शंका मलाही पटते. रेरा कायद्यानुसार गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावरच खर्च करता येतात. काम झालं तेवढ्याच प्रमाणात पैसे काढायचे आणि त्यासाठी इंजिनिअर, सीए यांच्यासोबत आर्किटेक्टचाही दाखला लागतो. मजुरांचा पगार तोंडावर असताना पाचव्या स्लॅबचं नुसतं सेंटरिंग लागलेलं असतं. तेव्हा ‘स्लॅब झाला’ असं लिहायला हात शिवशिवतो. माझाही शिवशिवला. तेव्हापासून माझ्या प्रकल्पांचा दाखला बाहेरचा आर्किटेक्ट देतो. तो साइटवर येतो, जिना चढतो, मोजतो आणि कधी कधी सही न करता परत जातो.

फ्लॅट घ्यायचा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या आर्किटेक्टचं नाव असतं. ते वाचा आणि बिल्डरच्या नावाशी ताडून पाहा.